रस्त्यावरचा सोडियम दिवा रंगमंचावर कसा लावायचा

अंबर जिलेटीन (दिव्यासमोर लावायचा पिवळसर-नारिंगी पारदर्शक कागद) लावलेला हॅलोजन आणि रस्त्यावरचा सोडियम व्हेपर, दोन्हींचा प्रकाश पांढऱ्या भिंतीवर पाडला तर पाहणारा सहज फसतो. दोन्ही पिवळेच. पण त्या भिंतीसमोर हिरवं लुगडं, निळी चोळी आणि कपाळावर ठसठशीत कुंकू अशी नटी उभी केली की फरक लगेच कळतो. हॅलोजनखाली कुंकू आणखीच पेटतं. सोडियमखाली ते काळपट तपकिरी होतं, लुगडं मातकट आणि चोळी जवळजवळ काळी. चेहऱ्यावरची रंगभूषा पुसल्यासारखी दिसते. मध्यरात्रीचा बस स्टँड, कारखान्याचं गेट, उड्डाणपुलाखालची वस्ती अशा जागा या दिव्याने नेपथ्याशिवाय उभ्या राहतात. त्याचं कारण हे हरवलेले रंग आहेत. नुसता पिवळा उजेड हवा असेल तर एवढा खटाटोप करू नका, जिलेटीन स्वस्त पडतं.

हॅलोजनच्या तापलेल्या तारेतून सगळ्या रंगांचा सलग प्रकाश निघतो. जिलेटीन त्यातला निळा-हिरवा भाग अडवतं, लाल मात्र भरपूर शिल्लक राहतो. सोडियमची वाफ विजेने चेतवली की ती मुख्यतः ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर या दोनच लहरींवर प्रकाश देते. वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशातलाच रंग परत पाठवते. दिव्यातून निळा निघतच नसेल तर निळी चोळी परत काय पाठवणार?

सोडियम दिव्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. लो प्रेशर सोडियममध्ये जवळपास त्या दोनच लहरी असतात. त्याच्याखाली माणसं, कपडे, सेट सगळं पिवळ्या-काळ्या छायाचित्रासारखं होतं. भगवं कापड आणि पांढरं कापड शेजारी धरलं तर वेगळं ओळखू येत नाही. ओलाफर एलियासन या कलावंताने २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये प्रचंड सूर्य उभा केला होता, तो असल्याच एकरंगी दिव्यांचा. युरोपात हे दिवे रस्त्यांवर सर्रास असत, आता त्यांचं उत्पादन जवळपास संपलं आहे. आपल्याकडे रस्त्यावर जो सोनेरी उजेड असायचा तो बहुतांशी हाय प्रेशर सोडियमचा. त्यात वाफेचा दाब जास्त असल्यामुळे त्या दोन रेषा आजूबाजूला पसरतात, म्हणून थोडा हिरवा आणि थोडा लाल हाती लागतो. रंगतापमान (प्रकाश किती पिवळा किंवा निळसर ते सांगणारा आकडा) साधारण २००० केल्विन. रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक १०० पैकी जेमतेम २० ते २५, तर हॅलोजनचा जवळपास १००. पुढचं सगळं या हाय प्रेशर दिव्याबद्दल आहे.

हा दिवा आता सहज मिळतो त्याला कारण आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पथदिवे योजनेत देशभर कोटीहून अधिक जुने दिवे उतरवून एलईडी लावले गेले. त्यामुळे भंगारात फिटिंगं पडून आहेत. सुटे भाग हवे असतील तर मुंबईत लोहार चाळीसारख्या घाऊक बाजारात चोक आणि इग्नायटर (हे काय ते पुढे येतं) विचारून पाहावेत.

किती वॅटचा घ्यायचा

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. २५० वॅटचा सोडियम सुमारे २७,००० ते ३०,००० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) देतो. नाट्यगृहातल्या १००० वॅटच्या हॅलोजन बल्बचा आकडाही साधारण तेवढाच. शिवाय स्पॉटच्या भिंगांत आणि झडपांत निम्म्याच्या आसपास प्रकाश वाया जातो, पथदिव्याचा मोकळा रिफ्लेक्टर मात्र तो बराचसा बाहेर फेकतो. म्हणजे मोठ्या नाट्यगृहात २५० वॅटचे एक किंवा दोन दिवे पुरतात. शंभर प्रेक्षकांच्या प्रायोगिक जागेत, जिथे छत दहा-बारा फुटांवर आहे, तिथे ७० वॅटचा (सुमारे ६००० ल्युमेन) पुरेसा आहे. ४०० वॅटचा बंद सभागृहात घेऊच नये. तो पेटला की बाकीची सगळी प्रकाशयोजना धुऊन निघते.

दिवा कुठे टांगायचा याचंही उत्तर रस्त्यावर आहे. तिथे तो डोक्यावरून, थोडा बाजूने येतो. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, खांद्यावर उजेड साचतो. मंचावरही मागच्या बारवरून (दिवे टांगायच्या आडव्या पाइपवरून) उभा-तिरका टाका. समोरून टाकला तर त्याची सगळी धार जाते आणि लग्नाच्या मांडवातला उजेड होतो.

दिव्यासोबत काय काय लागतं

सोडियम दिवा थेट २३० व्होल्टला जोडता येत नाही. वाफेतून वीज वाहू लागली की तिचा रोध कमी होत जातो, म्हणून वीज आणखी वाढते. उतारावर सुटलेल्या गाडीसारखं हे आवरायला ब्रेक लागतो, तो म्हणजे चोक. शिवाय थंड वाफेतून पहिली ठिणगी पाडायला हजारो व्होल्टचा झटका लागतो: ७० वॅटच्या दिव्याला सुमारे २ किलोव्होल्ट, त्यापुढच्यांना ३ ते ५. तो इग्नायटर देतो. तिसरा भाग कपॅसिटर. चोकमुळे मेनमधून विनाकारण जास्त करंट ओढला जातो, तो त्याने कमी होतो. ७० वॅटला साधारण १० ते १२ मायक्रोफॅरड, १५० ला २०, २५० ला ३३ च्या आसपास.

जोडणीचा क्रम असा: फेज चोकला, चोकमधून इग्नायटरला, इग्नायटरमधून होल्डरच्या मधल्या टोकाला. न्यूट्रल होल्डरच्या आट्यांच्या बाजूला, आणि इग्नायटरच्या न्यूट्रल टोकालाही. कपॅसिटर मेनला समांतर, चोकच्या अलीकडे. मधलं टोक आणि आटे उलटे झाले तर हजारो व्होल्टचा झटका आट्यांवर येतो, बल्ब फिरवताना हाताला लागणारा भाग तोच. बॉडीला अर्थिंग हवंच. पथदिव्याची बॉडी ॲल्युमिनियमची असते, बार लोखंडाचा, आणि त्याच बारला कोणीतरी घामेजल्या हाताने धरलेलं असतं. हे काम लायसन असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

चोक दिव्याच्या जातीचा आणि वॅटचाच असावा लागतो. भंगारातून आलेल्या फिटिंगमध्ये हमखास सापडणारा घोळ म्हणजे मर्क्युरीचा, म्हणजे पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा, चोक. २५० वॅटच्या मर्क्युरी दिव्याला सुमारे २.१ अँपिअर लागतात, २५० वॅटच्या सोडियमला ३.०. आकडा दोन्हींवर '२५० वॅट'च लिहिलेला. मर्क्युरीच्या चोकवर सोडियम लावला तर तो कधीच पूर्ण तापत नाही, मरगळल्यासारखा जळत राहतो आणि लोक बल्बला दोष देतात. लेबलावरचे अँपिअर वाचा.

चोक गुणगुणतो. रस्त्यावर ते कोणाला ऐकू येत नाही, पण छोट्या हॉलमध्ये शांत प्रसंगात शंभर हर्ट्झची ती घरघर तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते. म्हणून चोक आणि कपॅसिटर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात घालून विंगेत ठेवायचा मोह होतो. ठेवा, पण इग्नायटर बरोबर नेऊ नका. नेहमीचा तीन टोकांचा इग्नायटर दिव्यापासून एक-दीड मीटरच्या आतच हवा. वायर लांबली की तिच्या स्वतःच्या कपॅसिटन्समध्ये झटका जिरतो आणि दिवा लागतच नाही. लांब अंतरासाठीचे इग्नायटर वेगळे मिळतात, ते चोकच्या खास टॅपिंगवर (गुंडाळीतून मध्येच काढलेल्या टोकावर) चालतात. होल्डरजवळची वायर सिलिकॉन किंवा ग्लास-फायबर आवरणाची घ्या. साधी पीव्हीसी तिथल्या उष्णतेने कडक होऊन तडकते आणि मग झटका बॉडीत उतरतो. चोकखाली जाड रबराचा तुकडा ठेवला आणि डब्याचे स्क्रू घट्ट केले तर घरघर बरीच कमी होते.

डिमरवर लावू नका

डिमर विजेच्या लाटेचा काही भाग कापून बल्ब मंद करतो. हॅलोजनची तार तापलेली राहते, तिला फरक पडत नाही. सोडियमचा आर्क (वाफेतून वाहणारी विजेची ज्योत) मात्र लाटेच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत विझून पुन्हा पेटतो. लाट कापली की तो पेटायचाच राहतो, इग्नायटर पुन्हा पुन्हा झटके मारतो, आणि कापलेली लाट कपॅसिटरवर आदळून करंटचे जे काटे उठतात त्यात डिमरचा ट्रायक (लाट कापणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जातो. डिमर शंभर टक्क्यांवर ठेवला तरी हा धोका पूर्ण टळत नाही. दिवा साध्या स्विचवर किंवा रिले-काँटॅक्टरवर लावा. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप उडणारा स्विच) सी-कर्व्हचा, म्हणजे क्षणिक जास्त करंट सोसणारा, घ्या. सुरुवातीला कपॅसिटर एकदम करंट ओढतो, तेव्हा बी-कर्व्ह उडू शकतो. २५० वॅटचे दोन दिवे ६ अँपिअरवर आरामात चालतात.

पेटायला हा दिवा चार-पाच मिनिटं घेतो, आणि ही चार-पाच मिनिटं त्याच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत देखणी आहेत. स्विच टाकला की आधी निळसर-पांढरी चमक येते, ती झेनॉनची आणि पाऱ्याची. मग सोडियमची वाफ व्हायला लागते आणि थोडा वेळ प्रकाश अगदी कोंडलेला, शुद्ध पिवळा होतो. दाब अजून कमी असतो, म्हणून त्या टप्प्यात हाय प्रेशर दिवा लो प्रेशरसारखा वागतो आणि मंचावरचे रंग जवळपास संपतात. मग दाब वाढतो, पिवळा सोनेरी होत जातो, थोडे रंग परत येतात. हे सगळं प्रेक्षकांसमोर घडू द्यायचं असेल तर प्रसंग त्या लांबीचा लिहा किंवा बसवा. एखाद्या वाक्यावर नेमका टप्पा पकडायचा हट्ट मात्र धरू नका. जुना बल्ब, कमी व्होल्टेज किंवा थंड रात्र असेल तर वेळ अर्ध्या मिनिटाने सहज पुढे-मागे होतो.

प्रसंगात एकदम हवा असेल तर दिवा पहिल्या घंटेलाच पेटवून झडपेआड ठेवायचा. विझतो तो मात्र तत्काळ, हॅलोजनसारखी तार लाल होत जात नाही. ब्लॅकआउट सुरीने कापल्यासारखा होतो. पण विझवल्यावर तो गरम असताना लगेच पेटत नाही. आतला दाब जास्त असतो, झटका अपुरा पडतो. मिनिट-दोन मिनिटं थांबावं लागतं, मग पुन्हा तापण्याचा वेळ. म्हणून मध्यंतरातही चालूच ठेवायचा.

झडप

मंद-तीव्र करायचं असेल तर यांत्रिक झडप हाच मार्ग. २२ गेजच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याच्या साठ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, प्रत्येकीला सहा मिलिमीटरची सळई बिजागरीसारखी लावा, सगळ्या एका चपट्या पट्टीने जोडा. पट्ट्या बंद झाल्यावर एकमेकींवर दहा मिलिमीटर तरी चढल्या पाहिजेत. तीस हजार ल्युमेनमधला एक टक्का गळला तरी अंधाऱ्या मंचावर तो तीनशे ल्युमेनचा उजेड असतो. झडप ओढायला सायकलच्या ब्रेकची केबल उत्तम, लांब अंतराला स्कूटरच्या क्लचची. विंगेतून एक माणूस हाताने चालवतो आणि डिमरच्या कोणत्याही स्लायडरपेक्षा त्याचा हात जास्त बोलका असतो.

चूक होते ती झडप आतून चकचकीत ठेवण्यात, किंवा काचेला टेकवून बसवण्यात. बंद झडप उष्णता आणि प्रकाश परत दिव्यावर फेकते. आतली नळी जास्त तापते, दिव्याचं व्होल्टेज चढतं, आणि चोकला ते पेलेनासं झालं की दिवा विझतो, नेमका झडप उघडायच्या आधी. आतली बाजू उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाने रंगवा, काचेपासून पन्नास मिलिमीटर अंतर ठेवा, वरखाली हवा खेळू द्या. दिवा किती वेळ बंद झडपेआड तग धरतो ते रंगीत तालमीत घड्याळ लावून बघा आणि प्रयोगात त्याच्या निम्म्याच वेळेवर भरवसा ठेवा.

जिलेटीन लावून सोडियमचा रंग बदलता येत नाही. जिलेटीन फक्त गाळतं, नवा रंग घालत नाही. निळं जिलेटीन लावलं तर समोर अंधार पडेल, कारण त्यातून जाण्यासारखं निळं मुळात फार नाहीच. उलट हॅलोजनला सोडियमसारखा करायची जिलेटिनं मिळतात. ली कंपनीची ६५० ते ६५३ ही मालिका त्याचसाठी आहे, त्यातलं ६५२ शहरी सोडियमच्या जवळ जातं. रंगछटा जुळते, हरवलेले रंग मात्र हरवत नाहीत. लांबच्या, धूसर मागच्या पार्श्वभूमीला हे चालून जातं.

सोडियम बराच वेळ चालू असेल तर प्रेक्षकांचा डोळा त्याला सरावतो आणि त्यालाच पांढरा मानू लागतो. त्यानंतर साधा, जिलेटीन नसलेला हॅलोजन हळूहळू वर आणला की तो निळसर, पहाटेसारखा दिसतो आणि कपड्यांना अचानक रंग फुटतात. एकही निळं जिलेटीन न वापरता पहाट होते. या दिव्यासाठी बसवलेले बहुतेक चांगले प्रसंग या एकाच बदलावर उभे असतात. वेशभूषाकाराला आधीच बोलवा. लाल काठाची हिरवी साडी सोडियममध्ये एकरंगी मातकट दिसेल आणि हॅलोजनमध्ये उघडेल. हे हवं असेल तर तसंच कापड निवडायचं. रक्त दाखवायचं असेल तर सोडियममध्ये ते डांबरासारखं दिसतं हे लक्षात ठेवा.

टांगणं, आवाज, कॅमेरा

पथदिव्याला खांबाच्या पाइपात बसणारं तोंड असतं, साधारण ४२ ते ६० मिलिमीटरच्या पाइपासाठी. नाट्यगृहाचा बार बहुतेक दीड इंची असतो, म्हणजे बाहेरून ४८ मिलिमीटर. तेवढ्याच पाइपचा फूटभर तुकडा तोंडात घट्ट बसवून त्याला क्लॅम्प लावा. त्यापेक्षा सोपं म्हणजे यू-ब्रॅकेट असलेलं फ्लडलाइटचं फिटिंग घ्यायचं, त्याला हुक क्लॅम्प थेट बसतो. चोकसकट २५० वॅटचं फिटिंग आठ-दहा किलो भरतं, म्हणून सेफ्टी चेन बिनचूक लावा, आणि बल्बचा होल्डर हलवून बघा. वाहतुकीत तो ढिला होतो.

इग्नायटरची वायर माइकच्या वायरींजवळून नेऊ नका. बल्ब मेलेला असेल तर इग्नायटर अखंड झटके मारत राहतो आणि ध्वनियंत्रणेत टकटक ऐकू येते. चित्रीकरण होणार असेल तर कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवायला सांगा, नाहीतर पडद्यावर काळे पट्टे सरकतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो.

भंगारातला बल्ब घेतला तर किमान तासभर चालवून बघा. आयुष्य संपत आलेल्या सोडियम बल्बचं व्होल्टेज वाढत जातं. तो पूर्ण तापला की विझतो, थंड झाला की आपोआप पेटतो, पुन्हा विझतो. रस्त्यावर असे दिवे सगळ्यांनी पाहिलेत. दहा मिनिटांच्या चाचणीत तो कदाचित ठणठणीत दिसेल.

मर्क्युरी आणि मेटल हॅलाइडही काही जण वापरतात. मर्क्युरीचा हिरवट-निळा उजेड शवागाराला छान, पण त्याची बाहेरची काच फुटली तरी आतली नळी जळत राहते आणि त्यातून येणारे अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात. काच फुटलेला मर्क्युरी दिसला की आधी स्विच बंद, मग बाकीचं. मेटल हॅलाइडची आतली नळी क्वचित फुटते, म्हणून तो समोर काच असलेल्या बंद फिटिंगमध्येच लावायचा. विझल्यावर तो दहा-पंधरा मिनिटं परत येत नाही.

विझून लगेच परत न येण्याचा हाच धोका सोडियमला दौऱ्यावर छळतो. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं किंवा वीज जनरेटरवर बदलली, की हॅलोजन मिचकावतो आणि सोडियम विझतो. त्याच कोनातून, त्याच भागावर ६५२ लावलेला एक हॅलोजन डिमरवर तयार ठेवा आणि तो कोणी, कोणाच्या इशाऱ्यावर चढवायचा हे आधी ठरवा. एकांकिका स्पर्धांत मांडणीला मोजकीच मिनिटं मिळतात, तिथे दिवा बारवर चढवण्यापेक्षा विंगेत स्टँडवर ठेवून आधीच्या नाटकाच्या पडद्याआड पेटवून ठेवणं सोयीचं. आयोजकांची परवानगी मात्र आधी काढा.

एवढं सगळं पेलणार नसेल तर एलईडी पारमध्ये (डब्यासारख्या रंगमंचाच्या दिव्यात) पर्याय आहे. लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला अंबरचा स्वतंत्र चॅनेल असलेला पार घ्या आणि फक्त अंबर चालवा. लाल आणि हिरवा मिसळून केलेला पिवळा उपयोगाचा नाही, त्यात कुंकू लालच दिसतं. अंबर एलईडीही दोन प्रकारचे असतात. एकाचा प्रकाश मुळातच ५९० नॅनोमीटरच्या आसपास अरुंद पट्ट्यात निघतो, दुसऱ्यात निळ्या एलईडीवर फॉस्फर (निळा प्रकाश पिवळ्यात बदलणारा लेप) चढवून रुंद पिवळा काढतात. पहिला लो प्रेशर सोडियमच्या खूप जवळ जातो, मंदही होतो आणि क्षणात परतही येतो. दुकानात ओळखायचं कसं? एक जुनी सीडी बरोबर न्या. अंधाऱ्या कोपऱ्यात दिव्याचं प्रतिबिंब तिच्या चकचकीत बाजूवर तिरकं बघा. एकच बारीक पिवळी रेघ दिसली तर तो घ्या, हिरव्यापासून लालपर्यंत पट्टा पसरला तर ठेवा परत.